घोड्याचें हिंवाळी पांघरूण

हिंवाळ्याच्या रात्रीं घोड्याच्या पाठीवर काय घालावें, हा प्रश्न दिसावयास अगदींच लहान आहे. तो मोतद्दारानें सोडवावा आणि धन्यानें त्याकडे ढुंकूनहि पाहूं नये, एवढीच त्याची योग्यता कोणासहि वाटेल. परंतु या लहानशा प्रश्नाचें उत्तर चुकल्यामुळें मोठमोठ्या फौजांचीं घोडदळें पायदळ होऊन बसलीं आहेत आणि तोफा ओढावयास जनावर उरलें नाहीं, असे प्रसंग इतिहासांत एकदां नव्हे, अनेकदां आले आहेत. विशेष असें कीं, उत्तर प्रत्येक वेळीं एकाच बाजूला चुकलें असेंहि नाहीं. कधीं घोडा उघडा राहिला म्हणून मेला. कधीं त्याला नको तितकें पांघरून कोंडून ठेवलें म्हणून तो रोगी झाला. आणि एकदां तर जन्मतः मिळालेलें त्याचें पांघरूण माणसानेंच कातरून काढलें, म्हणून तो बर्फांत गारठून पडला.

घोड्याच्या पाठीशीं संबंध असलेल्या शब्दांची मराठींत वाण नाहीं. झूल, खोगीर, नमदा, तंग, तोबरा, खरारा हे शब्द ज्या घरांतून दोन पिढ्यांत घोडा पाहिलेला नाहीं त्या घरांतहि अजून समजतात. खोगीर हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ घाम शोषून घेणारें वस्त्र. पुढें त्यांत चिंध्या आणि काथ्या कोंबूं लागले, आणि 'खोगीरभरती' हा शब्द घोड्याच्या पाठीवरून उतरून थेट साहित्यांत आणि सभासंमेलनांत येऊन बसला. नमद्याची कथा याच्या उलट आहे. लोंकर दाबून केलेल्या त्या जाड कापडाचें नांव हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज घोडेस्वारांनीं उचललें, आणि इंग्लंडांतील खोगिराखालच्या वस्त्रालाहि ते त्याच नांवाच्या अपभ्रंशानें आजतागायत ओळखतात. घोड्याचें पांघरूण हा असा देशोदेशींच्या देवघेवीचा विषय आहे.

पण पांघरुणाचा विचार करण्यापूर्वीं ज्याला पांघरावयाचें त्या प्राण्याचा विचार केला पाहिजे. माणसाला थंडी वाजते म्हणून घोड्यालाहि ती तितकीच वाजत असेल, हा समज अनेक चुकांच्या मुळाशीं आहे. घोड्याच्या अंगावर हिंवाळी केंस येतात ते थंडी पडल्यावर नव्हेत, तर त्याच्या कितीतरी आधीं, दिवस लहान होऊं लागले कीं. उजेडाचे तास घटले म्हणजे त्याचें शरीर तो इशारा समजतें आणि जाड, दाट केंसांची तयारी सुरू होते. दिवस वाढूं लागले कीं तेच केंस खराऱ्याबरोबर पुंजक्यापुंजक्यानें गळूं लागतात. प्रत्येक केंसाच्या मुळाशीं बारीक स्नायु असतो. गारवा वाढला कीं तो केंसाला ताठ उभा करतो, आणि उभ्या केंसांच्या दाटींत हवेचा एक थर अडकून राहतो. घोड्याची खरी दुलई हीच. त्वचेंतून पाझरणारा तेलकट अंश तिला थोडेंफार पाणी लागूं देत नाहीं. याखेरीज त्याच्या पोटांत एक शेगडी असते. गवत, वैरण हा तंतुमय चारा मोठ्या आंतड्यांत सूक्ष्म जंतूंच्या योगें आंबतो, आणि त्या आंबण्यांतून दिवसरात्र उष्णता निर्माण होत राहते. म्हणून कडाक्याच्या थंडींत मूठभर अधिक दाण्यापेक्षां पेंढीभर अधिक गवत घोड्याला ऊब देतें.

कोरड्या हवेंत, वारा नसतांना आणि पोट भरलेलें असतांना, थंडीला सरावलेला प्रौढ घोडा शून्याखालीं सुमारें १५ अंश सेल्सिअसपर्यंत स्वतःची उष्णता राखण्यासाठीं निराळी शक्ति खर्चीत नाहीं, असें कॅनडांत झालेल्या प्रयोगांवरून ठरलें आहे. सौम्य हवेंत राहणाऱ्या घोड्याची हीच मर्यादा शून्यावर पांच अंशांच्या आसपास येते. पाऊस आणि वारा आले कीं मात्र हा सगळा हिशेब कोसळतो. भिजलेले केंस अंगाला चिकटतात, हवेचा थर नाहींसा होतो, आणि मघांचा निर्धास्त घोडा शेपटी वाऱ्याकडे करून कुडकुडत उभा राहतो. ओली झूलहि तेंच करते. किंबहुना अधिक वाईट करते, कारण ती भिजलेल्या केंसांना वर उठूंच देत नाहीं. पातळ झूल कोरड्या थंडींतहि कधीं कधीं अपकारच करते. तिच्या वजनानें केंस दबतात आणि गेलेली ऊब भरून काढण्याइतकी जाडी तिच्यांत नसते.

हें सारें शास्त्र अलीकडचें आहे. पण घोडा पाळणाऱ्या जुन्या जातींनीं आपापल्या परीनें तें ओळखलें होतें. आशिया खंडांतील दोन रीति या बाबतींत शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. सैबेरियाच्या ईशान्येस याकूत लोकांचा मुलूख आहे. तेथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं पन्नास अंशांच्याहि पलीकडे जातो. तेथले ठेंगणे, स्थूल घोडे वर्षभर उघड्यावर असतात, खुरांनीं बर्फ उकरून त्याखालचें वाळलेलें गवत खातात, आणि त्यांच्या अंगावर तीन-चार इंच लांबीचे केंस वाढतात. त्यांना झूल कोणी घालीत नाहीं. हे घोडे हिमयुगांतील तेथल्याच रानघोड्यांचे वंशज असावेत, असा एक समज होता. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें तो खोटा ठरविला. याकूत लोक दक्षिणेकडून तेथें गेले तेव्हां त्यांच्याबरोबर गेलेल्या घोड्यांचीच ही संतति. म्हणजे अवघ्या आठशें वर्षांच्या आंत त्या घोड्यांनीं हें पांघरूण स्वतःच्या अंगावर विणून घेतलें.

दुसरी रीत तुर्कमान लोकांची. काराकुमच्या वाळवंटाच्या कडेला त्यांनीं जो घोडा जोपासला, तो पातळ कातडीचा, रेशमासारख्या तुरळक केंसांचा आणि लांब पल्ल्याच्या धांवेचा. दिवसा तेथें ऊन भाजतें आणि रात्रीं गारठा पडतो. तुर्कमान आपल्या घोड्यावर एकावर एक नमदे घालीत. नुसते थंडींत नव्हे, उन्हाळ्यांतसुद्धां. यांत थंडीवाऱ्यापासून बचाव हा एक हेतु होता, आणि घामावाटें चरबी झडून घोडा शर्यतीला किंवा स्वारीला सडसडीत राहावा हा दुसरा. एकोणिसाव्या शतकांत तिकडे गेलेल्या युरोपीय प्रवाशांना हा प्रकार मोठा चमत्कारिक वाटला. पण याकूताचें उघडें ठेवणें आणि तुर्कमानाचें सात घड्यांत गुंडाळणें यांत विरोध नाहीं. ज्याच्या अंगावर केंस आहेत त्याला केंसांवर सोडलें. ज्याच्या अंगावर ते उरले नाहींत त्याला लोंकर दिली.

नमद्याची परंपरा किती जुनी आहे याचा पुरावा अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें बर्फानेंच जपून ठेवला. सर्गेई रुदेन्को या रशियन संशोधकानें १९४७ ते १९४९ या काळांत तेथले समाधीचे टेकाड उकरले. इसवी सनापूर्वीं पांचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यानच्या या थडग्यांत पाणी शिरून गोठलें होतें, म्हणून धन्याबरोबर पुरलेले घोडे, त्यांचे लगाम आणि रंगीबेरंगी नमद्यांचीं खोगीरवस्त्रें आश्चर्यकारकरीत्या टिकून राहिलीं. त्या वस्त्रांवर कापून शिवलेल्या हिंस्र पशूंच्या आकृति पाहिल्या म्हणजे पांघरूण आणि अलंकार यांची फारकत त्या लोकांनीं केलीच नव्हती, हें दिसतें.

हिंदुस्थानांत अश्वविद्येचा अभिमान फार जुना. शालिहोत्र आणि नकुल यांच्या नांवांवर ग्रंथ आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत घोड्याचें ठाण किती लांबरुंद असावें, त्याला काय खाऊं घालावें, इतकेंच काय पण घोडशाळेंत माकडें, मोर, मुंगूस आणि पोपट-मैना असाव्यात, येथपर्यंत तपशील दिला आहे. गंगेच्या खोऱ्यांत आणि त्याहून दक्षिणेस थंडी हा घोड्याचा मुख्य शत्रु नव्हता. ऊन, माशा आणि पाऊस हे होते. पांघरुणाचा पद्धतशीर हिशेब सांपडतो तो मोगल दरबारांत. अबुल फजलनें ऐने अकबरींत बादशाही पागेंतील घोड्यांच्या सामानाची यादी दिली आहे. तींत कापूस भरलेल्या छिटाची घोड्याची दुलई आहे आणि आयाळीवर घालावयाचें निराळें वस्त्रहि आहे. हें सामान दर सहा महिन्यांनीं नवें मिळे आणि जुन्याची किंमत हिशेबांत वळती होई. काबूल आणि मध्य आशिया येथून आलेल्या घोड्यांच्या सवयींबरोबर त्यांचीं पांघरुणेंहि आग्रा-लाहोरास उतरलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र लोंकरीच्या नमद्याची जागा येथें कापसानें घेतली.

मराठ्यांच्या फौजेचें बळ घोड्यावर. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हा भेद श्रोत्यांना ठाऊकच आहे. भीमथडीचीं तट्टें काटक होतीं, थोडक्या चाऱ्यावर निभावणारीं होतीं, आणि दख्खनच्या हिंवाळ्यांत त्यांना स्वाराच्या घोंगडीचा एक पदर मिळाला तरी पुरेसें होतें. शिवाजी महाराजांची दृष्टि त्यांच्या पांघरुणापेक्षां त्यांच्या पोटावर होती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणास छावणीला असलेल्या पागेच्या अंमलदारांना महाराजांनीं धाडलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याचा दाणागोटा आणि गवत आधींच उधळूं नये, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गंजी पेटतील, मग घोडीं वांचणार नाहींत, इतक्या बारकाईनें तें लिहिलेलें आहे. पोटाची शेगडी विझूं देऊं नये हें ज्याला कळलें त्याला घोड्याचें अर्धें शास्त्र कळलें. याच गोष्टीचा दुसरा, दारुण दाखला पानिपताचा. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांचा तळ पानिपतास अडकून पडला. उत्तरेची थंडी, उघडें मैदान, आणि अब्दालीनें तोडलेली रसद. घोडे मरूं लागले ते मुख्यतः चाऱ्यावांचून. त्या दिवसांत छावणींतील प्रत्येक घोड्यावर काश्मिरी शाल घातली असती, तरीहि फरक पडला नसता.

इंग्लंडांत गोष्ट निराळ्याच वळणानें गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अरबी आणि तुर्की घोडे तेथें नेऊन शर्यतीच्या घोड्याची जात तयार करण्यांत आली. या नाजूक कातडीच्या जातीला ओल्या, गार हवेंत सांभाळण्यासाठीं तबेले बंद आणि उबदार ठेवूं लागले, आणि पांघरुणांचे थर चढूं लागले. यांत घोड्याच्या सुखापेक्षां मोतद्दाराच्या सोयीचा भाग मोठा होता. उबदार अंधाऱ्या तबेल्यांत, जाड झुलीखालीं, घोड्याचे केंस आंखूड आणि तुळतुळीत राहतात. त्यांना चमक आणावयास हात फारसा दुखवावा लागत नाहीं. मालक खूष, मोतद्दार खूष. परंतु कोंडलेल्या हवेंत मुताचा उग्र वास सांठे, घोड्यांचे डोळे आणि फुप्फुसें बिघडत, आणि शेंबा नांवाचा भयंकर सांसर्गिक रोग एका ठाणावरून दुसऱ्या ठाणावर जाई. लंडनच्या पशुवैद्यक विद्यालयाचे अध्यापक एडवर्ड कोलमन यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस घोडदळाच्या तबेल्यांना झरोके पाडण्याचा आग्रह धरला, आणि त्यामुळें फौजेंतील रोगराई उतरली. विल्यम यूअट यांनीं १८३१ च्या आपल्या अश्वविषयक ग्रंथांत कोंदट तबेल्यावर कडक टीका केली. तरीहि तुळतुळीत घोड्याचा मोह सुटला नाहीं. सौंदर्याच्या कल्पना शास्त्राला सहसा विचारीत नाहींत.

त्याच शतकांत घोड्याचे हिंवाळी केंस कातरण्याची चाल पसरली. तिला सबळ कारण होतें. दिवसभर गाडी ओढणारा किंवा शिकारीमागें धांवणारा घोडा जाड केंसांखालीं घामानें निथळतो. संध्याकाळीं तो घाम लौकर वाळत नाहीं आणि ओल्या अंगानें रात्र काढावी लागली तर तो आजारी पडतो. केंस कातरले कीं तो लौकर वाळतो, खरारा सोपा होतो. पण मग त्याला तबेला आणि झूल या दोन्ही गोष्टी दिल्याच पाहिजेत. हा एक सौदा आहे, आणि त्यांतील दुसरी बाजू विसरली कीं काय होतें तें पुढें येईलच. या सौद्यामुळें झुलींचा मोठा धंदा उभा राहिला. ऑक्सफर्डशायरमधील विटनी गांवचीं पट्ट्यापट्ट्यांचीं लोंकरी कांबळीं नामांकित झालीं. आणि बंगालचा ताग स्कॉटलंडांतील डंडीच्या गिरण्यांत जाऊं लागल्यावर आंतून लोंकरी अस्तर लावलेली तागाची झूल ही इंग्रजी तबेल्यांतील नित्याची वस्तु झाली. म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या घोड्याच्या अंगावर बंगाली शेतकऱ्याचे श्रम असत.

क्रिमियाच्या युद्धांत हें सारें ऐश्वर्य एकदम उघडें पडलें. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं बालाक्लाव्हा येथें इंग्रजांच्या हलक्या घोडदळाच्या तुकडीनें रशियन तोफांवर जो आत्मघातकी हल्ला चढविला, त्यावर कवींनीं आणि चित्रकारांनीं आपली कला वेंचली. त्या हल्ल्यांतून जे घोडे जगले त्यांचें पुढें काय झालें, याकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं. त्यांना इंकरमनजवळच्या उघड्या पठारावर उभें केलें. १४ नोव्हेंबरला प्रचंड वादळ झालें. शिपायांचे हिंवाळी कपडे घेऊन आलेलें 'प्रिन्स' नांवाचें जहाज बंदराबाहेरच बुडालें. इतर जहाजांबरोबर चाराहि गेला. बंदरापासून छावणीपर्यंतचा सुमारें सहा मैलांचा रस्ता चिखलाचा झाला आणि चारा वर पोंचविणें अशक्य होऊन बसलें. गुडघाभर चिखलांत, पावसांत आणि बर्फांत उभे असलेले घोडे भुकेनें एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळी खाऊं लागले. डिसेंबरांत उरलेले घोडे खालीं बंदराजवळ आणले, तोंवर घोडदळ हें नांवापुरतेंच राहिलें होतें. सर जॉन मॅक्नील आणि कर्नल टुलक यांच्या चौकशी मंडळानें घोड्यांच्या निवाऱ्याकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल लॉर्ड लूकन आणि लॉर्ड कार्डिगन या सेनापतींवर ठपका ठेवला. मग चेल्सी येथें १८५६ मध्यें सेनाधिकाऱ्यांचें मंडळ बसलें आणि त्यानें आपल्या बंधूंना दोषमुक्त केलें. घोड्यांची साक्ष घेण्याची सोय नव्हती.

यानंतर ब्रिटिश लष्करानें घोड्याच्या कांबळ्याचा विचार अधिक गंभीरपणें केला. खोगिराखालीं घडी करून घालावयाचें लोंकरी कांबळें ही त्यांतून रूढ झालेली मोठी उपयुक्त वस्तु होती. मोहिमेवर घोडा रोडावला कीं ठराविक मापाचें खोगीर त्याच्या पाठीवर बसेनासें होतें आणि मणक्यावर जखमा होतात. घडीचें कांबळें असलें म्हणजे घड्या वाढवून तेंच खोगीर बसवितां येतें. रात्रीं हीच घडी उलगडून अंगावर घालावयाची. वजन एका कांबळ्याचें आणि कामें दोन. असें कांबळें घालतांनाहि कौशल्य लागतें. तें मानेकडून ठेवून मागें ओढावें, म्हणजे केंस सरळ बसतात. पट्टा थेट मणक्यावर दाबूं नये. छातीवर मोकळीक असावी, नाहींतर पुढचे खांदे घासून सोलतात. जाणता मोतद्दार रात्रीं कानाच्या मुळाशीं हात लावून घोड्याला थंडी आहे कीं नाहीं तें पाहतो.

१९१४ च्या महायुद्धांत ही सारी शिकवण कसोटीला लागली. युद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटिश लष्कराजवळ सुमारें २५,००० घोडे होते; दोन आठवड्यांच्या आंत सक्तीनें खरेदी करून तो आकडा १,६५,००० वर नेण्यांत आला. त्याच वर्षाच्या हिंवाळ्यांत हिंदी घोडदळ फ्रान्समध्यें उतरलें. त्यांत १८१७ मध्यें दुसऱ्या बाजीरावाशीं झालेल्या तहान्वयें उभें राहिलेलें पूना हॉर्स होतें, डेक्कन हॉर्स होतें. यांतील बहुतेक पलटणी 'सिल्लादार' पद्धतीच्या. हा शब्द म्हणजे आपला शिलेदारच. पद्धतीचें मूळहि तेंच. स्वार भरती होतांना घोड्यापोटीं रक्कम भरी आणि सरकारच्या मासिक वेतनांतून घोडा, खोगीर, कपडे, चंदी सारें स्वतः सांभाळी. शांततेच्या काळांत, हिंदुस्थानच्या हवेंत, ही व्यवस्था काटकसरीची होती. फ्लांडर्सच्या चिखलांत मात्र ती टिकणें शक्य नव्हतें. मेलेला घोडा तेथें बाजारांत जाऊन कोण विकत घेणार? महायुद्धानंतर ती पद्धत बंद करण्यांत आली. १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत हाय वुडजवळ डेक्कन हॉर्सनें भाले घेऊन हल्ला केला, पण त्या युद्धांतील बहुतेक दिवस घोड्यांच्या वांट्याला आले ते उघड्यावर आगाडी-पिछाडी लावून, पावसांत उभें राहण्याचे.

फ्रान्समध्यें घोड्यांचा खरा शत्रु जर्मन तोफ नव्हती. खरूज होती. हजारों घोडे एकमेकांना अंग घांसून उभे असत, आणि कातडींत घर करणारा खरजेचा सूक्ष्म किडा लांब हिंवाळी केंसांच्या आडोशाला वेगानें पसरे. खाजेनें घोडा खाणें-झोंपणें विसरे, त्याच्या अंगावर चट्टे पडत, आणि तो कामांतून जाई. उपाय ठाऊक होता. केंस कातरावयाचे, म्हणजे रोग दिसतो आणि औषध कातडीपर्यंत पोंचतें. मग गंधक आणि चुना मिसळलेल्या पाण्याच्या हौदांतून घोडा बाहेर काढावयाचा. पशुवैद्यांच्या दृष्टीनें कातरणी अनिवार्य होती, आणि ती चुकीची होती असें म्हणतां येणार नाहीं. तोफखान्याचे अधिकारी मात्र रोज पाहत होते कीं, कातरलेला घोडा पावसांत उभा राहूं शकत नाहीं. एकाच्या हातांत रोग्यांचे तक्ते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें मरणारें जनावर. दोघेहि खरें बोलत होते.

१९१६-१७ चा हिंवाळा अत्यंत कडक आणि लांबलेला निघाला. त्यांतच जर्मन पाणबुड्यांमुळें जहाजें अपुरीं पडूं लागलीं आणि घोड्यांच्या चंदीला कात्री लागली. म्हणजे अंगावरचे केंस गेले आणि पोटांतील शेगडीहि मंदावली. राहिली झूल. ती दिलेली होती. परंतु उघड्या मैदानांत ती पावसानें भिजे, चिखलानें जड होई, वाळविण्यास जागा नसे, आणि भुकेला शेजारी ती कुरतडून खाई. पुढच्या मुक्कामाला निघतांना ती लादावी कोणावर, हाहि प्रश्न होताच. ९ एप्रिल १९१७ रोजीं, ईस्टरच्या सोमवारीं, अर्रासची लढाई सुरू झाली ती बर्फाच्या भुरभुरीत. तोफांना आणि दारूगोळ्याच्या गाड्यांना जुंपलेले कातरलेले घोडे त्या आठवड्यांत मोठ्या संख्येनें कोसळले. त्यांच्या अंगावर जखम नव्हती. संबंध युद्धांत ब्रिटिश लष्करानें सुमारें ४,८४,००० जनावरें गमावलीं. त्यांतील बहुसंख्य रोग, उपासमार, थकवा आणि थंडीवारा यांनीं गेलीं, गोळीनें नव्हे.

त्या वसंत ऋतूनंतर सरसकट कातरणीचें धोरण सोडावें लागलें. पोटाचा आणि खांद्यांचा घामाचा भाग कातरून पाठीचे आणि पायांचे केंस राखणें, आणि जें काय कातरावयाचें तें थंडीच्या तोंडालाच उरकणें, हा मध्यम मार्ग पुढें आला. एखाद्या खेड्यांतील गाडीवानाला हें आधींपासून ठाऊक असण्याचा संभव होता. पाठ हेंच घोड्याचें छप्पर; पाऊस तिच्यावर पडतो.

युद्धानंतर घोडा लष्करांतून आणि रस्त्यावरून हळूहळू नाहींसा झाला, पण झूल गेली नाहीं. उलट तिचे प्रकार वाढले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत किरमिजाच्या जाड कापडाची, आंत लोंकरी अस्तराची आणि मागच्या पायांना पट्टे असलेली पाणी न शिरणारी झूल प्रचारांत आली. तिला न्यूझीलंडचें नांव मिळालें. रानांत मोकळ्या सुटलेल्या घोड्याच्या अंगावर, तो लोळला तरी, ती टिके. पुढें नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. आज युरोप-अमेरिकेंत झूल विकत घेतांना कापडाचा पीळ, आंत भरलेल्या धाग्याचें दर चौरस मीटरला वजन, घाम बाहेर जाऊं देणारें अस्तर, असा सूक्ष्म विचार करतात. शंभर ग्रॅमची हलकी, दोनशेंची मध्यम, तीनशेंहून अधिकची जाड. घरांत राहणाऱ्या, कामाचा फारसा भार नसलेल्या आणि अंगावर उत्तम केंस वाढलेल्या घोड्यावरहि ती घातली जाते, कारण धन्याला स्वतःला थंडी वाजत असते. म्हातारा, रोडावलेला, आजारी किंवा कातरलेला घोडा असेल तर तिची गरज खरी आहे, आणि गार पावसांत छप्पर नसेल तर कोणत्याहि घोड्याला ती आहे.

राहतां राहिलें घोड्याचें स्वतःचें मत. तें विचारण्याची युक्ति नॉर्वेंतील पशुवैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनीं काढली आणि २०१६ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनीं निरनिराळ्या जातींचे २३ घोडे घेतले आणि त्यांच्यापुढें तीन पांढऱ्या पाट्या ठेवल्या. एकीवर आडवी रेघ, दुसरीवर उभी रेघ, तिसरी कोरी. आडव्या रेघेला नाक लावलें कीं झूल घालावयाची, उभ्या रेघेला लावलें कीं काढावयाची, कोऱ्या पाटीला लावलें कीं आहे तसें राहूं द्यावयाचें. रोज दहा-पंधरा मिनिटें शिकविल्यावर दोन आठवड्यांत सगळे घोडे हें समजले. मग वेगवेगळ्या हवेंत त्यांना विचारण्यांत आलें. ऊन पडलेलें असतांना ज्यांच्या अंगावर झूल होती त्यांनीं ती काढावयास सांगितलें, आणि गार वारा व पाऊस असतांना उघड्या घोड्यांनीं ती मागितली. जाड झुलीखालीं घामाघूम झालेल्या घोड्यांना पाट्यांपुढें आणलें तेव्हां त्यांनीं उभ्या रेघेला नाक लावलें. हवा आणि अंगावरचें वस्त्र यांचा मेळ असला म्हणजे ते कोऱ्या पाटीकडे जात.